सुई स्वच्छ आहे, म्हणून?

प्रिय मावशी,

माझा धाकटा भाऊ पैलवान आहे. वय २६. सातवीत असताना वडिलांनी त्याला कोल्हापूरला तालमीत ठेवलं. दूध, तूप, बदाम, घरात जे येईल ते आधी त्याचं. गेल्या दीड वर्षात वजन ८६ वरून १०४ झालं. यंदा जत्रांच्या हंगामात चांगली इनामं मारली, शेवटची कुस्ती ५१ हजारांची. पण तो आता पहिला राहिला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी आईच्या अंगावर धावतो. पाठ फोडांनी भरलीय, छातीत एका बाजूला गाठ लागते. झोपेसाठी एक गोळी, गुडघ्यासाठी दुसरी. अंग भरायची स्टेरॉइडची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, इंजेक्शनं मेडिकलवाल्याकडून येतात. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे तो गावी आला की मीच देते, निदान सुई तरी स्वच्छ असते. कुस्तीच्या दिवशी तालमीतलं कुणीतरी आणखी एक टोचतं, त्याने दम लागत नाही म्हणतो. वस्तादांना सगळं ठाऊक असणार, पण ते गप्प. वडिलांना काहीच माहीत नाही. लहानपणी आम्ही दोघं टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूईची अमेरिकन कुस्ती बघायचो. तिथल्या एडी गरेरो या पैलवानासारखा तो पलंगावरून माझ्या अंगावर उडी टाकायचा. आता त्याच्याकडे बघून भीती वाटते. वस्तादांशी जाऊन भांडू, की वडिलांना सांगून टाकू?

— एक बहीण, सांगली जिल्हा

मावशी म्हटलंस, म्हणून एकेरीत बोलते आणि आडपडदा न ठेवता बोलते.

वस्ताद गप्प आहेत, मेडिकलवाला औषधं पुरवतो, वडिलांना पत्ता नाही. तिघांची नावं तू माझ्यापुढे ठेवलीस आणि चौथ्या माणसाला अर्ध्या ओळीत उरकलंस. ‘मीच देते, निदान सुई तरी स्वच्छ असते.’ वस्तादांचं नंतर बघू. आधी या अर्ध्या ओळीचं बोलू.

सुई स्वच्छ असली की गळू होत नाही, दुसऱ्याची कावीळ किंवा एचआयव्ही अंगात येत नाही. खरं आहे. पण त्या सुईतून जे आत जातं ते तुझ्या हातून गेलं म्हणून बदलत नाही. बदलतं ते त्याच्या मनात. तालमीतल्या पोराने टोचलं असतं तर कधीतरी त्याला धास्ती वाटली असती. घरी अक्का देते, स्पिरिटचा बोळा लावून, हलक्या हाताने. अक्का नर्स आहे, धोका असता तर तिने दिलंच नसतं. तो असंच समजत असणार, आणि त्याचं काय चुकलं?

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात वजन आहे, इनामाची रक्कम आहे, फोड, गाठ, गोळ्या, राग, सगळं आहे. बीपी नाही. तू दिवसभर ओपीडीत येईल त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळतेस. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ‘गोळी चुकवू नका’ म्हणून दटावतेस. सख्ख्या भावाचा दंड हातात असतो, तिथे सुई लागते, पट्टा लागत नाही. माझं चुकत असेल तर सांग, पण मला वाटतं आकडा दिसला तर पुढची कुपी फोडता येणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तो बघितला नाहीस.

आता एडी गरेरोबद्दल. १३ नोव्हेंबर २००५ ला तो अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका हॉटेलात वारला. पुतण्या चावोला तो बाथरूममध्ये पडलेला सापडला. वय ३८. त्याआधीची सुमारे चार वर्षं तो दारू आणि नशेच्या गोळ्यांपासून लांब होता. माणूस सावरला होता, घरी परतला होता. पण शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या खराब झालेल्या निघाल्या. आधीच्या वर्षांत शरीरावर जे झालं होतं ते नुसतं सोडल्याने पुसलं गेलं नव्हतं. त्यानंतर, फेब्रुवारी २००६ मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीने पैलवानांच्या औषधांच्या आणि हृदयाच्या तपासण्या सुरू केल्या. तरी २००९ च्या डिसेंबरात त्याच कंपनीत लढलेला उमागा नावाचा पैलवान गेला, ३६ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने. त्याच्या शरीरात एक वेदनाशामक, एक स्नायू सैल करणारं आणि एक गुंगीचं औषध सापडलं. तुझ्या भावाच्या झोपेच्या आणि गुडघ्याच्या गोळ्या कोणत्या, हे तू लिहिलेलं नाहीस. नावं बघून घे. सकाळी शरीर चढवायचं, रात्री ते उतरत नाही म्हणून गोळी, मार लागलेलं कळू नये म्हणून अजून एक. कुस्ती टीव्हीवरची असो की लाल मातीतली, ही साखळी अशीच लागते.

आणि या साखळीत तुझ्यामाझ्यासारखी शिकलेली माणसं असतात. पेनसिल्व्हेनियात जॉर्ज झहोरियन नावाचा डॉक्टर होता. लढतीआधी पैलवानांना तपासणं हे त्याचं सरकारमान्य काम. तोच त्यांना स्टेरॉइड विकायचा. १९९१ मध्ये दोषी ठरला, तुरुंगात गेला. जॉर्जियातला फिल अ‍ॅस्टिन हा डब्ल्यूडब्ल्यूईच्या क्रिस बेन्वा या पैलवानाचा डॉक्टर. २००७ मध्ये बेन्वाने बायकोला आणि लहान मुलाला मारून स्वतःला संपवलं, त्यानंतर अ‍ॅस्टिनच्या चिठ्ठ्यांची चौकशी झाली आणि बेकायदा औषधं लिहून दिल्याबद्दल २००९ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. या दोघांच्याही दवाखान्यात सुया स्वच्छच असणार. तू त्यांच्यासारखी नाहीस, पैशासाठी हे करत नाहीस, मला कळतं. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध टोचणाऱ्या नर्सला कायदा ‘बहिणीची माया’ म्हणून सोडत नाही, आणि हृदय तर मुळीच सोडत नाही.

तू शिकलेली आहेस, तरी एकदा लिहून देते, कारण घरच्या माणसाच्या बाबतीत शिकलेलं बाजूला पडतं. पुरुषी हार्मोनची ही इंजेक्शनं दंडाचे स्नायू फुगवतात तशी हृदयाची भिंतही जाड करतात. चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, रक्त दाट होतं, बीपी चढतो. स्नायू वाढतो त्या वेगाने त्याला हाडाशी बांधणारा कंडरा मजबूत होत नाही, म्हणून तो ऐन डावात तुटतो. छातीतली गाठ याच औषधांची असण्याची शक्यता मोठी आहे. शरीराचं स्वतःचं हार्मोन बंद पडतं, आणि उद्या लग्न झाल्यावर मूल होत नाही म्हणून दोष कुणावर जाईल तेही तुला माहीत आहे. कुस्तीच्या दिवशीचं दुसरं इंजेक्शन बहुधा मेफेंटरमाइन असावं. भूल दिल्यावर रुग्णाचा बीपी घसरला तर थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ जे देतात, तेच. पुण्यात व्यायामशाळांतल्या पोरांना ते विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. बीपी घसरलेल्या रुग्णाला वर आणायचं औषध, आधीच चढलेल्या पैलवानाला, मे महिन्याच्या उन्हात, हजारो माणसांच्या शिट्ट्यांमध्ये. दम लागत नाही म्हणतो ना तो? दम लागणं ही शरीराची हाक आहे, आणि ती त्याला ऐकूच येऊ नये अशी सोय केलेली आहे.

वस्तादांशी भांडू नकोस. ते कानावर हात ठेवतील, भाऊ तुझ्यावर चिडेल, आणि इंजेक्शनं तुझ्या नजरेआड जाऊन सुरू राहतील. वडिलांना सांगायचं आहे, पण आधी नाही.

तो पुढच्या वेळी घरी आला आणि कुपी पुढे केली की एवढंच म्हण: ‘मी देणार नाही. आजपासून कधीच नाही.’ रडू नकोस, व्याख्यान देऊ नकोस. तो म्हणेल, मग दुसऱ्याकडून घेतो. म्हणू दे. या धमकीवरच तू आजवर सुई उचललीस. त्याच बैठकीत पट्टा बांध आणि आकडा त्याला मोठ्याने वाचून दाखव. फार चढलेला असेल किंवा छातीत दुखतंय, धडधडतंय म्हणाला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठ. नाहीतर दुसऱ्या दिवशी रजा टाक आणि त्याला मिरजेला ने. हृदयतज्ज्ञाला दाखवायचं. ईसीजी, टू-डी इको, रक्ताच्या तपासण्या. मैदानं आता पावसाळ्यामुळे बंद आहेत, त्यामुळे ‘एवढी जत्रा होऊ दे’ हे कारण यंदा त्याच्यापाशी नाही. एवढा चांगला काळ पुन्हा वर्षभर मिळणार नाही.

एक गोष्ट जपून कर. ही इंजेक्शनं थांबली की काही आठवडे, कधी महिने, माणूस आतून रिकामा होतो. वजन उतरतं, अंगात जोर राहत नाही, मन काळवंडतं, जगणं नकोसं वाटू शकतं. पुन्हा सुईकडे वळतात ते बहुतेक याच दिवसांत. म्हणून थांबवणं डॉक्टरच्या देखरेखीखाली हवं, हार्मोनच्या डॉक्टरलाही दाखवायला हवं, आणि झोपेच्या गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. तेवढे दिवस त्याला तालमीत एकटं सोडू नका, घरी ठेवा. वडिलांना सांगायची वेळ ही. त्यांना गावातल्या कुणाकडून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे, तुझ्या हाताने दिलेल्या इंजेक्शनांसकट. रात्री-अपरात्री त्याचं मन फारच बिघडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि मिरजेला जाताना रिकाम्या कुप्या पिशवीत घाल. डॉक्टरांनी ‘कोण देतं हे?’ विचारलं की भावाकडे बघू नकोस. तू उत्तर दे. कोणतं औषध, किती मात्रा, केव्हापासून, सगळं तुला पाठ आहे, दुसऱ्या कुणाला नाही.