सही करण्याआधी

प्रिय लेकी,

तुझे अठरा पूर्ण झाले की बाबांच्या घराचं हक्कसोडपत्र (म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद) नोंदवून टाकू, असं दादा म्हणतोय हे तू सहज सांगून गेलीस. विचारलंस मात्र लग्नाच्या वयाचं: मुलीला १८, मुलाला २१ असं का? याचं मला पटलेलं उत्तर एकही नाही. दोघांनाही २१ करणारं विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण ते मंजूर न होताच बारगळलं. माझ्या मते दोघांनाही १८ हवं. ज्याच्या मतावर सरकार बनतं, त्याला संसार कळत नाही हे कसं मानायचं?

कायदा माणसाला एका दिवसात मोठं धरत नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. सात ते बारा वयात त्याला परिणाम समजत होता का ते बघतात. सोळा ओलांडल्यावर, किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासतं आणि प्रौढासारखा खटलाही चालू शकतो. मतदानाचं वय १९८९ पर्यंत २१ होतं. लोकसभेच्या खासदारकीला आजही २५ लागतात. सोळा पूर्ण झाल्यावर गाडीचा परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा. इथे सोलापुरात सात रस्ता चौकातून क्लासला पळणाऱ्या पोरांच्या स्कूटर त्याहून मोठ्या असतात. पकडलं गेलं तर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद पालकाला होऊ शकते. तुझ्या मैत्रिणींना हे जरूर सांग.

आता घराचं. बाबांनी मृत्युपत्र केलं नाही, त्यामुळे आजी, आई, दादा आणि तू, चौघांचा सारखा हिस्सा. तू अज्ञान, म्हणजे कायद्याने अठराच्या आतली, आहेस तोवर तुझा हिस्सा विकायला किंवा सोडायला आईलाही न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता व्यवहार झाला, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तू तो रद्द करून मागू शकतेस. अज्ञान मुलाने स्वतः केलेला करार तर मुळातच निरर्थक, हे १९०३ पासून पक्कं आहे. अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू झाला की तुझ्या नव्या सहीला हे संरक्षण उरत नाही. त्यानंतर राजीखुशीने नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड. कोणी कर्जाला जामीन राहा म्हणालं तरी तेच: कर्जदाराने थकवलं की पतसंस्था पूर्ण रकमेसाठी तुझ्या दारात येते.

दादाच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. घर सांभाळणाऱ्या भावाला असंच वाटतं, आणि बहिणी ओवाळणीच्या नात्यापायी सही करतात. तुला खरंच सोडायचा असेल तर सोड. पण त्या हिश्शाची आजची किंमत काढून, तुझ्या शिक्षणाचा खर्च कोण उचलणार ते लेखी घेऊन.

मसुदा आला की सही करण्याआधी मला दाखव. दुपारी मी जिल्हा न्यायालयातच असते. आई आणि आजी आपापला हिस्सा कुणाच्या नावे सोडताहेत, तेही त्यात बघू.

तुझी,
वकील मावशी
सोलापूर