मागच्या चाकाचं बेअरिंग: ग्रीस भरण्याआधी

भाऊ, जुनी जीप घेतलीस, बरं केलंस. पण ग्रीसचा डबा उघडण्याआधी एक गोष्ट पाहा: तुझ्या बेअरिंगला वंगण कुठून मिळतं? काही जुन्या गाड्यांत डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरच्या संचाचं) गियर ऑइलच हाऊसिंगमधून (आसाच्या पोकळ कवचातून) बेअरिंगपर्यंत जातं. काहींत बेअरिंग ग्रीसनं भरलेलं असतं आणि आतलं सील ते ऑइल अडवून धरतं. तुझी गाडी कोणत्या प्रकारची, हे तिच्या मॅन्युअलमध्ये बघ. मेकॅनिकच्या अंदाजावर जाऊ नकोस.

नवशिक्यांकडून हमखास होणाऱ्या चुका:

- बंडीच्या आसाला देतात तसं भरभरून ग्रीस कोंबणं. बेअरिंग तापतं, ग्रीस सील ओलांडून ब्रेक लायनरवर (ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या थरावर) येतं.
- जुनं ग्रीस न धुता त्यावरच नवं चढवणं. दोन जातींचं ग्रीस एकमेकांत मिसळून पातळ होऊ शकतं.
- डिफरन्शियलमध्ये ऑइल जास्त भरणं. गाडी सपाट जागी उभी कर. फिलर प्लगच्या (ऑइल भरायच्या बुचाच्या) भोकाच्या काठापर्यंत आलं की थांब.

आणि ब्रीदर, म्हणजे हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड! आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात धुराळा, त्यानं ब्रीदर बुजतोच. बुजला की तापलेल्या हाऊसिंगमधला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. लोक सील बदलत राहतात, ब्रीदरकडे कुणी बघत नाही. आधी तोच साफ कर.

ड्रम काढल्यावर लायनर तेलकट दिसलं तर पेट्रोलनं पुसून परत लावू नकोस, नवीनच टाक. प्रीलोड (बेअरिंग किती घट्ट बसवायचं ते), शिम (त्यासाठीच्या पातळ चकत्या) वगैरे सध्या राहू दे. एवढं केलंस की गाडी बिनधास्त बाजाराला ने.