'खानदानी खलनायक' म्हणावं का?

जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' या कादंबरीमालेतल्या लुशियस मॅलफॉय या श्रीमंत जादूगाराबद्दल लिहिताना कुणीतरी 'खानदानी खलनायक' असे शब्द वापरले आणि त्यावर प्रश्न आला : खानदानी हा तर स्तुतीचा शब्द, मग घरच्या नोकराला लाथ घालणाऱ्याला तो कसा लावायचा? आणि तो चालत नसेल, तर जन्माने मोठा, पैशाने मोठा आणि त्याच जोरावर इतरांना तुच्छ लेखणारा माणूस मराठीत कोणत्या शब्दाने सांगायचा?

हरकत रास्त आहे. थोर घराण्यात जन्मलेल्या माणसासाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण वापरता वापरता ते जवळपास सगळेच गुणवाचक होऊन बसले. खानदानी म्हटलं की अदब, आब, जपून बोलणं डोळ्यांपुढे येतं. घरंदाज म्हटलं की शालीनता. कुलीन, कुलवंत यांचंही तेच. त्यातून 'खानदानी'ला 'पिढीजात' अशी दुसरी छटा आहे, जशी 'खानदानी वैर'मध्ये. त्यामुळे 'खानदानी खलनायक' वाचणाऱ्याला दोन पिढ्यांपासून दुष्टावा करत आलेलं घर आठवेल. मॅलफॉयांच्या बाबतीत ते अगदीच खोटं नाही, पण लिहिणाऱ्याला ते म्हणायचं नव्हतं.

'अभिजात' तर इथे साफ फसतो. संस्कृतात अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. आज मात्र तो साहित्याला, संगीताला लागतो, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून तर तो घरोघरी पोचला. 'अभिजात खलनायक' म्हणजे काळाच्या कसोटीला उतरलेला खलनायक, असंच कुणीही समजेल. जन्माचा अर्थ त्यातून निघून गेला आहे.

सरदार आणि उमराव हे शब्द दरबाराशी बांधलेले आहेत. वर राजा हवा, त्याने दिलेला किताब हवा. रोलिंगबाईंच्या जादूगारांच्या ब्रिटनमध्ये राजा नाही, मंत्री आहे. मॅलफॉयकडे किताब नाही. त्याच्याकडे विल्टशरमधला वाडा आहे, सोनं आहे, मंत्रालयात ओळखी आहेत आणि हॉगवर्ट्स शाळेच्या नियामक मंडळावर जागा आहे. या घराण्याचा जो इतिहास लेखिकेने पुढे लिहिला, त्यात मूळपुरुष आर्मां मॅलफॉय इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाच्या स्वारीबरोबर नॉर्मंडीतून इंग्लंडात येतो आणि त्या राजाकडूनच जमीन मिळवतो. म्हणजे मिळकतीचं मूळ बिनजादूच्या राजाच्या कृपेत आहे. त्याच इतिहासात असंही येतं की जादूगारांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस जगापासून लपून राहायचं ठरवलं, तोवर मॅलफॉय बिनजादूच्या उमरावांत आनंदाने मिसळत होते. शुद्ध रक्ताचा डंका त्यांनी नंतर वाजवायला घेतला. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. कुळाची शुद्धता जितक्या जोराने सांगितली जाते तितकी ती जुनी असतेच असं नाही, आणि शब्द निवडताना याचं भान हवं.

'सरंजामी' मात्र मी पूर्ण टाकणार नाही. नाम म्हणून सरंजामदार चालणार नाही, पण वागण्याचं विशेषण म्हणून सरंजामी बसतो, कारण त्याला आज नापसंतीचा रंग आहे. डॉबी या घरच्या नोकराला लुशियस ज्या तऱ्हेने वागवतो ती वागणूक सरंजामीच.

माझं उत्तर असं : जन्माच्या शब्दावर दोषाचं ओझं टाकू नये, ते त्याला पेलत नाही. दोष गर्वाच्या शब्दात ठेवावा आणि जन्म त्याला जोडावा. 'कुळाचा ताठा बाळगणारा खलनायक', किंवा थोडक्यात 'कुळाच्या ताठ्यातला खलनायक'. एका शब्दाचा हट्ट इथे सोडलेला बरा.

आता ताठाच का, हे सांगायला हवं, कारण गर्वाच्या शब्दांत मराठी श्रीमंत आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द वेगळा माणूस दाखवतो.

माज हा गुरांच्या शरीरातून आलेला शब्द. म्हैस माजावर येते. माणसाच्या माजातही ती उसळी, तो धसमुसळेपणा असतो. माजलेला माणूस आवाज चढवतो, धक्का मारून जातो. मस्तीही तशीच. घमेंड बोलून दाखवावी लागते. मिजास रोजच्या वापरातली, हलकी, वरवरची. रुबाब आणि दिमाख यांत तर कौतुकच जास्त. तोरा मिरवायचा असतो, त्याला बघणारे लागतात. म्हणून तोरा हा लुशियसच्या मुलाचा, ड्रॅकोचा शब्द. येता जाता वडिलांचं नाव घेणारा, आपल्या नव्या उडत्या झाडूचा दाखला देत इतरांना हिणवणारा मुलगा तोऱ्यात असतो. त्याच्या खेळाच्या संघातल्या सगळ्यांना ते महागडे झाडू विकत घेऊन देणारा बाप ताठ्यात असतो.

ताठा बोलत नाही. तो मानेत आणि पाठीच्या कण्यात असतो. 1998 साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकात पुस्तकांच्या दुकानातला प्रसंग पाहा. मंत्रालयात कमी पगारावर काम करणाऱ्या आर्थर वीझली या जादूगाराच्या लहान मुलीच्या कढईतून लुशियस एक जुनं, फाटकं पुस्तक उचलतो आणि तिच्या बापाला विचारतो, जादूगारांच्या नावाला बट्टा लावून जर पगारही धड मिळत नसेल तर उपयोग काय? आवाज चढत नाही. हात वीझलीचा उठतो. ते पुस्तक परत कढईत टाकताना त्याबरोबर एक शापित डायरी जाते आणि पुढचं सगळं संकट त्यातून उभं राहतं. इतकं थंडपणे केलेलं काम माजलेल्या माणसाच्या हातून होत नाही.

त्याच पुस्तकात, एका काळोख्या दुकानात, तो मुलाला म्हणतो की जादूगारांच्या घरात न जन्मलेली एक मुलगी प्रत्येक परीक्षेत तुझ्या पुढे गेली याची तुला लाज वाटायला हवी होती. रक्ताने सगळं ठरतं असं मानणाऱ्याच्या तोंडून त्याच्याच मताविरुद्धचा पुरावा येतो आणि तरी मत हलत नाही. ताठ्याचं हे खरं लक्षण. तो वाकत नाही कारण तो ऐकतच नाही.

संस्कृतात यासाठी नेमका शब्द आहे, स्तब्ध. आज आपण 'थक्क होऊन गप्प' या अर्थी तो वापरतो, पण त्याचा एक जुना अर्थ ताठर, गर्वाने न वाकणारा असा आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसांना 'आत्मसंभाविताः स्तब्धाः' म्हटलं आहे. त्याच अध्यायात तो माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो : 'आढ्योऽभिजनवानस्मि कोऽन्योऽस्ति सदृशो मया', मी श्रीमंत आहे, मोठ्या कुळातला आहे, माझ्यासारखा दुसरा कोण आहे? लुशियस मॅलफॉयचं वर्णन करायला याहून नेमकी ओळ मला माहीत नाही. दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात प्रतिनायकाची, म्हणजे खलनायकाची लक्षणं दिली, त्यांतही लुब्ध, धीरोद्धत यांच्या सोबत स्तब्ध आहेच.

'शिष्ट'ही सुचवला जाऊ शकतो. मूळ अर्थ सुसंस्कृत, पण बोलण्यात 'फार शिष्ट आहे तो' म्हणजे आपल्याशी बोलायला त्याला कमीपणा वाटतो. थोरपणाच्या शब्दाला मराठीने दिलेला हा टोला मला मनापासून आवडतो. पण शिष्ट शेजारी फार तर ओळख दाखवत नाही, तो कुणाच्या मुलीच्या जिवाशी खेळत नाही. इथे तो कमी पडतो.

मग्रूर चालेल, आणि जरा खोलात गेलं तर चांगलाच चालेल. हा अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत मग़रूर म्हणजे फसलेला, भुललेला. आपल्या मोठेपणाला भुललेला तो गर्विष्ठ, असा अर्थाचा प्रवास. मॅलफॉय या आडनावातही जुन्या फ्रेंचमधले 'वाईट' आणि 'निष्ठा' हे शब्द ऐकू येतात, त्यामुळे बेइमान आणि भुललेला ही जोडी एकाच माणसात छान जुळते. मात्र मराठीत मग्रुरी बहुधा उद्धट उत्तरांतून दिसते. लुशियसचं बोलणं वरवर अदबीचं असतं, म्हणून मी ताठ्याला पहिली पसंती देतो.

याच ओघात एक म्हण त्याला हमखास लावली जाते : सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ती इथे लागू नये. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटीच तो घाईघाईत शाळेत येतो तेव्हा केस विस्कटलेले आहेत, बूट अर्धेच चकाकताहेत आणि डॉबी चालता चालता उरलेले पुसायला धडपडतो आहे. तिथे पीळ शाबूत आहे, हे खरं. पण अझ्काबानच्या तुरुंगातून सुटल्यावर त्याच्याच वाड्यात त्याचा धनी, दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट, त्याची जादूची कांडी मागतो, आणि बदल्यात आपल्याला व्होल्डेमॉर्टची मिळेल या आशेने लुशियसचा हात नकळत पुढे होतो, तेव्हा सगळ्यांसमोर त्याची शोभा होते. शेवटच्या लढाईत तो आणि त्याची बायको कुणाशी न लढता फक्त मुलाला हाका मारत धावतात. वाडा तसाच उभा आहे, सोनंही आहे. सुंभ जळालाच नाही, पीळ तेवढा सुटला. त्यामुळे सातव्या भागातल्या लुशियसबद्दल लिहायचं असेल तर 'ताठा उतरलेला' म्हणावं. ताठा उतरतो, असं आपण म्हणतोच. खानदानीपण उतरतं, असं कुणी म्हणत नाही.