क्लच हार्ड झालाय म्हणून गाडीच बदलायची का?

नाशिकच्या जेल रोडवरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३६, सातपूर एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटीला नोकरी, हातात पगार ३४,००० रुपये. घरखर्च आणि ३,००० ची एसआयपी जाऊन महिन्याला ६,००० च्या आसपास उरतात, अडीअडचणीसाठी बँकेत ४०,००० आहेत. गाडी म्हणजे ३५० सीसीची मोटरसायकल, सात वर्षांची, क्लच जड. द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत क्लच दाबून दाबून संध्याकाळी डाव्या मनगटात आणि अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. त्यांच्या डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, क्लच आणि ब्रेकच्या ॲडजस्टेबल लिव्हरची जोडी, ५,२०० रुपये, क्रेडिट कार्डावर नो-कॉस्ट ईएमआयने. दुसरा, गाडी एक्स्चेंजला देऊन हलक्या क्लचची नवी घेणं: ऑन-रोड २,०५,०००, जुनीचे ५५,०००, म्हणजे दीड लाखाचं कर्ज. घरच्यांचं म्हणणं, ‘पाच हजारांचा दांडा कशाला, होईल सवय.’

आधी घरच्यांच्या मुद्द्याबद्दल. तुम्ही दिवसभर हातात गेज आणि मायक्रोमीटर धरता. त्या हाताच्या दुखण्यावरचा खर्च हा शौक नव्हे, तो पगार चालू ठेवण्याचा खर्च आहे. तेव्हा पैसे खर्च करायचेच. फक्त दुखणं जिथे आहे तिथेच करायचे. रात्री बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सैल वाटत असेल, तर पहिला खर्च हाडांच्या डॉक्टरांच्या फीचा.

आता क्लच. लिव्हर हातापासून लांब आहे म्हणून त्रास होतो, की तो दाबायलाच जोर लागतो, हे दोन वेगळे आजार आहेत. ॲडजस्टेबल लिव्हर मुख्यतः पहिल्यावर काम करतो. त्याची चकती फिरवली की लिव्हर ग्रिपच्या जवळ येतो, आणि बोटांच्या टोकांनी ओढण्याऐवजी मधल्या पेरांनी ओढता येतं. आखूड बोटांच्या माणसाला याने खरंच बरं वाटतं, हाफ क्लचवर ताबाही चांगला राहतो. पण आतली स्प्रिंग तीच, वायर तीच. दिसायला छान असलेले दोन बोटी आखूड लिव्हर तर घेऊच नका: बोटं पिव्हटच्या, म्हणजे लिव्हर ज्या खिळ्यावर फिरतो त्याच्या, जवळ जातात आणि उलट जास्त जोर लावावा लागतो.

जोर लागत असेल तर संशय आधी क्लच वायरवर घ्यायचा. सात वर्षांत ती बदलल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. मेकॅनिकला वायर इंजिनाच्या बाजूने सोडवायला सांगा आणि मोकळी वायर हाताने पुढे-मागे करून बघा. ती अडकत, खरखरत सरकत असेल किंवा लिव्हरजवळ एखादी तार तुटून वर आलेली दिसली, तर निदान झालं. वायर आणि मजुरी मिळून काही शेकड्यांचं काम आहे, हजारांचं नाही. वायर सुळसुळीत सरकत असेल, तर अडचण खालच्या क्लच आर्ममध्ये (वायर इंजिनाजवळ जी दांडी ओढते तिच्यात) किंवा आत असू शकते. तेही त्याच वेळी बघून घ्या. आणि लिव्हरचा क्लॅम्प सैल करून असा फिरवून घ्या की बोटं लिव्हरवर ठेवल्यावर मनगट वर न मुडपता कोपरापासून सरळ रेषेत येईल. याला पैसेच लागत नाहीत.

एवढं करून पंधरा दिवस कंपनीत जा-ये करा. त्रास कमी होऊनही लिव्हर लांब वाटत असेल, तर ॲडजस्टेबल लिव्हर जरूर घ्या, पण फक्त क्लचचा. दुकानदार जोडीच देतो म्हणाला तर दुसरं दुकान बघा. ब्रेकचा मूळ लिव्हर चांगला आहे, त्याला हात लावू नका. ढिसाळ बनावटीचा ब्रेक लिव्हर पूर्ण मागे येत नाही, मग डिस्क घासत राहते किंवा मागचा दिवा पेटलेलाच राहतो. थोड्या आरामासाठी ब्रेकशी खेळायचं नाही, याबाबत मी कडक आहे. क्लचचा घेतानाही तुमच्याच मॉडेलचा घ्या, बसवल्यावर वर-खाली खुळखुळतो का बघा, आणि काढलेला जुना लिव्हर टूलबॉक्समध्ये ठेवा.

पैसे रोख द्या. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. ती रक्कम छोटी आहे, मला भीती आहे ती एखादी तारीख चुकण्याची. मग बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं. तुमच्याकडे महिन्याला ६,००० उरत असताना यासाठी उधारी कशाला?

नव्या गाडीचं गणित मात्र मला पटत नाही. दीड लाख, १२ टक्के, तीन वर्षं: हप्ता ४,९८२ रुपये, एकूण व्याज २९,३०० च्या वर. त्या व्याजात तुमच्या पसंतीच्या लिव्हरच्या पाच जोड्या येतात. हप्ता गेल्यावर हातात हजारभर रुपये उरतील, आणि पहिल्या शाळेच्या फीला किंवा आजारपणाला एसआयपी बंद पडेल. शोरूमवाले सांगतील की सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. खरं आहे. पण नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो, तेव्हा ५५,००० कमी-जास्त होतात का, हे एक्स्चेंजबाहेरच्या दोन ठिकाणी विचारून घ्या.

वायर बदलून, लिव्हर बसवूनही कळ थांबली नाही आणि डॉक्टरांनीही गाडीकडे बोट दाखवलं, तर गाडी बदलणं ही चैन राहत नाही. तेव्हाही थेट कर्जाकडे जाऊ नका. आजपासूनच दरमहा ५,००० ची आरडी सुरू करा. वर्षाने ६०,००० आणि वर थोडं व्याज जमेल, कर्ज ९०,००० वर येईल. तेच १२ टक्क्यांनी दोन वर्षांत फेडलं तर हप्ता साधारण ४,२४० आणि एकूण व्याज ११,७०० च्या आत. हप्ता झेपतो का, हेही वर्षभरात आपोआप कळेल. गाडीची गरज पडली नाही तर ते ६०,००० अडीअडचणीच्या पैशांत टाका. ४०,००० म्हणजे तुमच्या साधारण दीड महिन्याच्याच खर्चाची सोय, आणि मला क्लचपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

गाडी घ्यायची वेळ आलीच, तर टेस्ट राइड सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. इंजिन तापेपर्यंत, संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत मुंबई नाका ते द्वारका अशी मागून घ्या. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा.