कॉलेजचं पहिलं सेमिस्टर आणि नौदलाच्या एसएसबीचं पत्र

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा नागपूरच्या मनीषनगरहून रोज इंजिनिअरिंग कॉलेजला जातोय, पहिलं सेमिस्टर सुरू आहे, आणि त्यातच नौदलाच्या १०+२ बी.टेक. प्रवेशाचं, म्हणजे बारावीनंतर थेट अधिकारी होण्याच्या वाटेचं, एसएसबीचं (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या पाच दिवसांच्या निवड चाचणीचं) पत्र आलं. त्याचे बाबा म्हणतात, एवढी चांगली सीट मिळाली, आता हे काय मध्येच? मुलगा म्हणतो, मी जाणारच. आणि तुम्ही विचारताय की आईने कुणाच्या बाजूने उभं राहायचं, मदत म्हणजे करायचं तरी काय, आणि केंद्रावर त्याच्यासोबत जायचं की नाही. माझा मुलगा याच वाटेने गेला. एझिमलाच्या भारतीय नौदल अकादमीत चार वर्षं काढून आज तो इंजिनिअरिंग शाखेत अधिकारी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. कॉलेज सोडू देऊ नका. असाइनमेंट, प्रॅक्टिकल, सेमिस्टरची परीक्षा, सगळं चालू राहू द्या. या प्रवेशात जेईई मेनच्या रँकवर फक्त एसएसबीचं बोलावणं येतं. एकदा एसएसबीच्या दारात पोचलं की तिथून पुढे रँकचा उपयोग नाही, अंतिम यादी एसएसबीच्या गुणांवर लागते. मुलं पाचव्या दिवशी ‘रेकमेंड’ होऊन, म्हणजे निवडीसाठी शिफारस मिळवून, फोन करतात आणि घरी पेढे वाटले जातात. पण त्यानंतर मेडिकल असतं, आणि मेडिकलमध्ये फिट झाल्यावरही जागा असतील तेवढ्यांनाच बोलावतात. एसएसबीत रेकमेंड होऊन, मेडिकलमध्ये पास होऊन, यादीत खाली राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. जानेवारीच्या तुकडीचं पत्र हातात पडेपर्यंत कॉलेजचं सेमिस्टर जवळजवळ संपत आलेलं असतं. तोपर्यंत तो कॉलेजचा विद्यार्थीच आहे. हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत तर त्याच्या बाबांची अर्धी काळजी तिथेच मिटेल.

याला जोडूनच एक कामाची गोष्ट. प्रवेशाच्या वेळी कॉलेज टीसी आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतं. अकादमीत रुजू होताना मूळ कागद लागतात. ते परत मिळायला किती दिवस लागतात, अर्ज कुणाकडे द्यायचा, भरलेल्या फीचं काय होतं, हे आत्ताच ऑफिसात जाऊन विचारून ठेवा. मुलगा एसएसबीच्या तयारीत असताना या चकरा आईवडिलांनी माराव्यात.

आता त्याच्या बाबांबद्दल, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

एसएसबीच्या मुलाखतीत घरची चौकशी खूप होते. वडील काय करतात, आईशी कोणत्या विषयावर बोलतोस, भावाबहिणीचं काय चाललंय, घरात निर्णय कसे होतात, तू इकडे येतोयस याला घरच्यांचं काय म्हणणं आहे. तिथे मुलाला खरं सांगावंच लागतं. खोटं बोललं तर ते टिकत नाही, कारण मानसशास्त्राच्या लेखी चाचण्यांत त्याने आधीच बरंच काही लिहून दिलेलं असतं. चित्र दाखवून गोष्टी लिहायला लावतात, मग ६० शब्द एकापाठोपाठ पडद्यावर येतात आणि प्रत्येकाला १५ सेकंद, त्यानंतर ६० प्रसंग आणि ३० मिनिटं. एवढ्या वेगात मनात असतं तेच कागदावर उतरतं. घरात रोज रात्री जेवताना वाद होत असेल तर तो वाद मुलासोबत त्या खोलीत जातो. म्हणून दोघा बापलेकांचं बोलणं तो निघायच्या आधी झालं पाहिजे. बाबांनी हसत हसत परवानगी द्यावी असा आग्रह धरू नका. ‘मला हे पटलेलं नाही, पण तू विचार करून ठरवलंयस, जा, मनापासून दे,’ एवढं ते म्हणाले तरी मुलाला मुलाखतीत खरं बोलताना लाज वाटणार नाही. वडिलांचा विरोध आहे आणि तरी घरात मोकळेपणाने बोलणं होतं, असं मुलगा सांगू शकला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

तुमच्या मिस्टरांच्या शंका खोट्या नाहीत, हेही मी म्हणेन. त्यांना उडवून लावू नका. आपल्या नागपुरात फौज दिसते ती कामठीची नाहीतर वायुसेनानगरची. लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र कामठीला, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथे. नौदलाचा अधिकारी आपण कधी शेजारी पाहिलेला नसतो. नातेवाइकांना हे मर्चंट नेव्हीच, म्हणजे व्यापारी जहाजांवरची नोकरीच वाटतं, आणि ‘सहा महिने घरी असतो का हो?’ असं आजही मला विचारतात. मिस्टरांना आकडे आणि वस्तुस्थिती सांगा. चार वर्षांचं बी.टेक., पदवी दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची, शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळा खर्च नौदलाचा. बाहेर पडताना सब लेफ्टनंट, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल १०, मूळ वेतन ५६,१०० रुपये, वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि भत्ते. कमिशन, म्हणजे अधिकारीपद, कायमचं. कॉलेजमधले काही मित्र पुढे याहून जास्त कमावतील, हेही सांगून टाका. जहाजावर असताना सणवार, घरातली लग्नं, आजारपणं यांना तो येऊ शकणार नाही, तेसुद्धा. मुलालाही हे माहीत असलं पाहिजे. पांढऱ्या गणवेशाच्या फोटोवर भाळून गेलेली मुलं तिथे पहिल्याच टर्ममध्ये खचतात.

तयारीबद्दल थोडक्यात. महागडे क्लास लावायला हरकत नाही, पण पाठ केलेली उत्तरं तिथे चालत नाहीत. रोज पेपर वाचणं, धावणं, चार लोकांत स्वतःचं म्हणणं मांडून दुसऱ्याचं ऐकून घेणं, याचा जास्त उपयोग होतो. घरातली एखादी जबाबदारी पूर्णपणे त्याच्यावर टाका. गॅसचा नंबर लावणं, आजीला डॉक्टरकडे नेणं, काहीही. अठराव्या वर्षापर्यंत आपण मुलाला फक्त अभ्यास करायला लावलेला असतो आणि तिथे विचारतात की तू स्वतः काय सांभाळलंस.

मेडिकलची तपासणी मात्र आत्ताच करून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रंग ओळखण्याची चाचणी आधी करा. ती अडली तर उपचार नसतो, आणि कितीतरी मुलांना हे थेट मेडिकल बोर्डापुढेच कळतं. कानातला मळ, दात, नाकाचं हाड, वजन, सपाट तळपाय, हेही दाखवून घ्या. चष्मा असेल तर कुणाच्या सांगण्यावरून लेझरचं ऑपरेशन घाईने करून टाकू नका. नौदलाच्या जाहिरातीतले नियम वाचून मगच डॉक्टरांशी बोला. बोर्डाने अनफिट ठरवलं तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं, तेव्हा तो कागद हातात आला की तारीख आधी बघा.

आणि पोहणं! अंबाझरी आणि फुटाळा तलाव काठावरूनच पाहिलेली आपली मुलं. निवडीसाठी पोहता येण्याची अट नाही, पण अकादमीत पोहण्याच्या चाचण्या पार कराव्याच लागतात, उंचावरून पाण्यात उडी मारावी लागते. ज्याला येत नाही त्याला शिकवतात, पण बाकीचे विश्रांती घेत असताना तो तलावावर असतो. आधीच इतकं थकवणारं वेळापत्रक, त्यात ही भर. निकाल काहीही लागो, त्याला पोहायला घाला.

आता समजा तो गेला. एझिमला केरळात कन्नूर जिल्ह्यात आहे, समुद्राला लागून, आणि हवा इतकी दमट की आपल्या कोरड्या उन्हात वाढलेल्या मुलाला सुरुवातीला कपडे वाळतच नाहीत असं वाटतं. पहिली टर्म सगळ्यात कठीण. पहाटे उठणं, पीटी, ड्रिल, वर्ग, खेळ, वरिष्ठांची शिस्त, आणि त्यातच गणित आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास. फोन कमी येतो, आला तरी लगेच संपतो. एखाद्या रात्री तो म्हणेल, ‘आई, मला जमत नाही, परत येतो.’ ताई, त्या फोनची तयारी आजपासून करा. जवळजवळ प्रत्येक घरात तो येतोच.

तेव्हा रडून ‘ये बाळा’ म्हणू नका, आणि ‘लोक काय म्हणतील’ असंही म्हणू नका. ऐकून घ्या. जेवलास का, पाय कसा आहे, झोप किती होते, हे विचारा. थकलेल्या अंगाने घेतलेला निर्णय आणि टर्म संपवून सुट्टीवर आल्यावर घेतलेला निर्णय यात फार फरक असतो. म्हणून ‘टर्म पूर्ण कर, घरी आल्यावर आपण शांतपणे बोलू, तेव्हा तू जे म्हणशील ते आम्ही मानू,’ असा शब्द द्या आणि तो खरोखर पाळा. परतीचं दार उघडं आहे हे कळलं की बहुतेक मुलं तिथे टिकतात. मात्र तो काही वेगळंच सांगत असेल, दुखापत लपवतोय असं वाटलं, मारहाणीसारखं काही कानावर आलं, रात्ररात्र झोप लागत नाही म्हणाला, तर ते गंभीरपणे घ्या. डिव्हिजनल ऑफिसरशी, म्हणजे त्याच्या तुकडीवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोलायला त्याला सांगा, आणि तो बोलत नसेल तर तुम्ही स्वतः बोला. एरवी लहानसहान तक्रारीसाठी पालकांनी तिथे फोन करू नये, मुलालाच त्याचा त्रास होतो.

पत्रं लिहा. हाताने लिहिलेली. घरातलं साधं काही, कोण आलं, काय शिजलं, गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली. आमच्या घरी ही कामगिरी त्याच्या आजीने उचलली होती, आणि ती पत्रं त्याने अजून ठेवली आहेत.

सगळे सांगत नाहीत अशी एक बाजूही आहे. रुजू होण्याआधी पालकांच्या सह्या ज्या कागदांवर घेतात ते ओळ न ओळ वाचा. स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण सोडलं तर झालेल्या खर्चाच्या वसुलीबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघा. अभ्यासात किंवा शारीरिक चाचणीत मागे पडला तर टर्म पुन्हा करावी लागते. तसं झालं तर आभाळ कोसळलं असं करू नका, टर्म पुन्हा करून उत्तम अधिकारी झालेली मुलं आहेत. आणि प्रशिक्षणात गंभीर इजा होऊन बाहेर पडावं लागलेल्या कॅडेटांचा प्रश्न देशात फार वर्षं दुर्लक्षित होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे त्यावर बोललं जाऊ लागलं. माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना अशा कॅडेटांना लागू करण्याचा निर्णयही त्याच सुमारास झाला. असं क्वचित घडतं, पण सही करणाऱ्या आईबापाला ते माहीत असावं. तुमच्या मिस्टरांनीही हा कागद वाचावा आणि मग सही करावी.

निवड झाली नाही तर? पहिल्याच दिवशी चाळणीत निम्म्याहून जास्त मुलं परत पाठवली जाऊ शकतात, तेव्हा हे गृहीत धरूनच त्याला पाठवा. परत आला की स्टेशनवर ‘काय झालं’ विचारू नका. जेवू द्या, झोपू द्या, तो सांगेल. वय बसत असेल तर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे. कॉलेजमध्ये एनसीसी घेतली तर सी प्रमाणपत्राचा पुढे फायदा होतो. पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिसच्या (ठरावीक वर्षांच्या नोकरीच्या) प्रवेशासाठी साधारण ६० टक्के लागतात, आणि सीडीएस या सैन्यदलांच्या प्रवेश परीक्षेतून नौदल अकादमीत जायला इंजिनिअरिंगची पदवीच हवी. म्हणजे आत्ता जे कॉलेज चालू आहे तेच पुढच्या प्रयत्नाचं तिकीट. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, सोडू देऊ नका.

(ज्यांची मुलं अजून दहावीत आहेत त्यांच्यासाठी: छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. मे २०२५ मध्ये एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. तेव्हा मुलगी म्हणाली तरी तिला अडवू नका.)

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सोबत जायचं का. एसएसबीला नाही. त्याला एकट्याला जाऊ द्या, भोपाळ असो, बंगळुरू असो की कोइम्बतूर. या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच जात असेल तर एसी थ्री टायरचं भाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेवायला सांगा. रुजू व्हायला मात्र दोघंही जा, त्याच्या बाबांना तर नक्की न्या. नागपूरहून केरळ एक्सप्रेसने पालक्काडला उतरून मंगळूरकडे जाणारी गाडी धरायची आणि पय्यनूरला उतरायचं. मुंबईहून कोकण रेल्वेने नेत्रावती एक्सप्रेसही पय्यनूरला थांबते, पण आपल्याला तो वळसा पडतो. आरक्षण यादी लागल्या दिवशीच करा, जानेवारीत गाड्या भरलेल्या असतात.