ह्यूस्टनच्या काउंटी जेलमधून सुटका: बाँडचे पैसे देण्याआधी होल्डचं विचारा

ताई, तुमचा भाऊ एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) ह्यूस्टनला, नवराबायकोचं भांडण, शेजाऱ्यांनी ९११ ला लावलेला फोन, शुक्रवारी रात्री अटक, बाँड (जामिनाची रक्कम) ५,००० डॉलर, आणि बाँडवाला (१० टक्के फी घेऊन जामीन भरणारा) म्हणतोय तासाभरात ५०० पाठवा, आज रात्रीच बाहेर काढतो. त्यातच तुम्ही जाता जाता लिहिलंय की त्याचं शेजारच्या काउंटीतलं स्पीडिंगचं एक जुनं तिकीट भरायचं राहून गेलंय. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे आणि आतापर्यंतच्या एकाही उत्तरात कुणी त्याला हात लावलेला नाही. आमच्या घरच्यांनाही नेमकं हेच नडलं होतं, म्हणून जरा लांब लिहितो. मी वकील नाही. हे सगळं टेक्सासपुरतं, त्यातही ह्यूस्टन ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीपुरतं. शिकागोचा मावसभाव काही सांगत असेल तर ऐकू नका, त्याच्या इलिनॉय राज्याने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैसे भरून जामीन हा प्रकारच बंद केलाय.

बाँडवाल्याचे १० टक्के परत मिळत नाहीत, कोर्टाच्या तारखेला हजर राहावंच लागतं, हे वर बऱ्याच जणांनी सांगितलंय. ते सोडतो.

होल्ड म्हणजे असं: हॅरिस काउंटीच्या केसमध्ये बाँड भरला तरी दुसऱ्या कुणाचा तरी त्या माणसावर हक्क शिल्लक असतो. शेजारच्या काउंटीचं वॉरंट, महापालिका कोर्टाचं वॉरंट किंवा इमिग्रेशनचा डिटेनर (सोडण्याआधी आमच्या ताब्यात द्या, असं जेलला कळवणारा कागद). तिकीट भरलं नाही आणि तारखेलाही गेलं नाही, की टेक्सासमध्ये गैरहजेरीचं वॉरंट निघतं. ते वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि बोटांचे ठसे घेतल्यावर डोकं वर काढतं. मग होतं काय, की ५०० डॉलर दिले, बाँड लागला, हॅरिसची फाईल मोकळी झाली, आणि माणूस तिथेच. कारण आता तो दुसऱ्या काउंटीसाठी धरून ठेवलेला असतो. त्यांची गाडी न्यायला येईल तेव्हा येईल, तिथे पुन्हा बुकिंग (जेलमधली नोंदणी), पुन्हा मॅजिस्ट्रेट. बाँडवाल्याचे पैसे मात्र त्याने मिळवलेले असतात, कारण करारात लिहिलेलं असतं की बाँड सादर झाला की फी पक्की.

आमच्या वेळी ज्या बाँड ऑफिसशी गाठ पडली (नाव लिहीत नाही), त्यांना होल्ड आहे का म्हणून स्पष्ट विचारलं होतं. उत्तर आलं, सगळं क्लिअर आहे. त्यांनी फक्त हॅरिसच्या स्क्रीनवर पाहिलं होतं आणि तेही बुकिंग पुरतं संपण्याआधी, म्हणजे होल्ड दिसायची वेळ यायच्या आत. नंतर उत्तर एकच: आम्ही बाँड भरतो, सुटका करणं जेलचं काम. कायद्याने त्यांचं बरोबर असेलही. पण घाई कशाची होती ते तेव्हा कळलं. होल्ड स्क्रीनवर आला असता तर गिऱ्हाईक थांबलं असतं.

म्हणून तासाभराची मुदत ऐकून पैसे पाठवू नका. ५,००० चा बाँड तासाभराने ५,००० चाच राहतो. आधी जेलच्या माहिती विभागाला फोन करून तीन प्रश्न विचारा: बुकिंग पूर्ण झालं का, मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन झालं का, आणि दुसऱ्या कुठल्या एजन्सीचा होल्ड दिसतोय का. तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणाले तर काही तासांनी पुन्हा विचारा. मग ज्या काउंटीचं तिकीट आहे तिथल्या कोर्टाच्या वेबसाइटवर त्याच्या नावाने वॉरंट शोधा. साध्या तिकिटाचं वॉरंट पैसे भरून किंवा वकिलामार्फत उठवता येतं, पण ते ऑफिस शनिवार-रविवार बंद. शुक्रवारची अटक वाईट ती यासाठीच. सोमवारी सकाळी त्यांनी वॉरंट उठवलं आणि जेलला कळवलं, तर भाऊ हॅरिसच्या बाँडवर सरळ घरी येईल. उलट क्रमाने गेलात तर दोन जेलं बघून येईल.

आता शोधायचं कसं. तो नॉर्थ सॅन जॅसिंटो स्ट्रीटवरच्या जॉइंट प्रोसेसिंग सेंटरमध्ये असेल, शहर पोलिसांनी धरलेले आणि शेरीफने धरलेले सगळे २०१९ पासून तिथेच येतात. वेबसाइटवर सापडत नाही असं लिहिलंयत, तर घाबरू नका, बहुतेक नावाचा घोळ असेल. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. तिकडचा शिपाई कधी तेच आडनाव म्हणून टाकतो, कधी पहिलं आणि मधलं नाव जोडून एक करतो. पासपोर्टवर एकच नाव असेल तर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) बसतं. सगळे उलटसुलट क्रम टाकून बघा. जन्मतारीख महिना आधी, दिवस नंतर. एकदा सापडला की एसपीएन नंबर लिहून घ्या. हॅरिस काउंटीत माणूस या नंबराने ओळखला जातो, केस बदलली तरी नंबर तोच. पुढे प्रत्येक फोनवर नावाऐवजी तो नंबर सांगा.

बाँडचा प्रकार कोणता, हाही विचार हवा. हॅरिसच्या जामीन पद्धतीविरुद्धच्या २०१६ च्या ओडॉनेल खटल्यानंतर आणि २०१९ च्या समझोत्यानंतर तिथे किरकोळ गुन्ह्यांतले बरेचसे आरोपी पैशाविना सुटू लागले, पण घरगुती हिंसाचार त्या सवलतीतून वगळलेला आहे. तिथे मॅजिस्ट्रेट माणसागणिक ठरवतो. त्या सुनावणीत पब्लिक डिफेंडर आरोपीच्या बाजूने उभा असतो. आपल्याकडच्या सरकारी वकिलासारखा समोरचा समजून भाऊ त्याच्याशी तोंड मिटून बसला नाही म्हणजे मिळवली. बाँड कमी करा किंवा पर्सनल बाँड (पैसे न भरता, हजर राहायच्या हमीवर सुटका) द्या, हे मागायची जागा तीच. वॉरंटशिवाय पकडलेल्याची अटक सबळ कारणाने झाली का, हे अशा किरकोळ गुन्ह्यात २४ तासांत मॅजिस्ट्रेटने पाहिलं नाही, तर जास्तीत जास्त ५,००० डॉलरच्या बाँडवर सोडावं लागतं, असं टेक्सासचा कायदा सांगतो.

पैसे जमत असतील तर कॅश बाँड बघा असं माझं ठाम मत आहे. पूर्ण ५,००० अडकतात, पण तारखा पाळल्या तर केस संपल्यावर थोडी वजावट होऊन परत मिळतात. पावती ज्याच्या नावावर, पैसे त्याला. म्हणून पावती पैसे देणाऱ्याच्या नावावर करून घ्या, मित्राच्या नको, आणि पत्ता बदलला तर कोर्टाच्या क्लार्कला कळवा. पुण्याहून पाठवलेले पैसे शनिवार-रविवारी पोचत नाहीत, तेव्हा तिथल्या कुणाच्या तरी खात्यातून आधी भरावे लागतील. तिसरा मार्ग बरेच जण विसरतात: टेक्सासमध्ये वकील स्वतःच्या अशिलाचा बाँड स्वतः भरू शकतो. फीचे पैसे वकिलालाच द्यायचे असतील तर हा सौदा चांगला पडतो, कारण होल्ड, केस आणि अटी एकाच माणसाच्या डोळ्यांखाली राहतात.

बाँडवाल्याकडेच जायचं ठरलं तर करारातल्या दोन गोष्टी वाचा. एक, सही करणारा जामीनदार पूर्ण ५,००० ला बांधला जातो, ५०० ला नाही. दोन, हप्ते आणि हजेरी. ‘अर्धे आत्ता, अर्धे पुढच्या महिन्यात’ गोड वाटतं, पण हप्ता चुकला किंवा आठवड्याचा फोन राहिला की बाँडवाला कोर्टात जबाबदारी सोडायचा अर्ज देऊ शकतो. मग नवं वॉरंट, पुन्हा अटक, आणि आधीचे पैसे गेलेच.

इमिग्रेशनचा होल्ड असेल तर सगळं गणितच बदलतं. जेलमध्ये घेतलेले ठसे आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे जातात. नुसत्या अटकेवर वैध एच-१बीवाल्याला डिटेनर लागेलच असं नाही, पण लागणार नाही असं धरून चालू नका. तो लागला तर २०१७ च्या टेक्सासच्या कायद्यामुळे जेलला मानावाच लागतो. तुम्ही बाँड भरला की त्याच क्षणापासून आइसला (इमिग्रेशनची धरपकड करणारी एजन्सी) ४८ तास मिळतात, आणि भाऊ जेलमधून निघतो ते त्यांच्या गाडीत. ह्यूस्टनहून बऱ्याच जणांना उत्तरेला कॉन्रोच्या केंद्रांत नेतात. तिथला बाँड वेगळा, किमान १,५०० डॉलर, पूर्ण रक्कम एकरकमी. तिकडे अडकला असताना इकडच्या कोर्टाची तारीख चुकली, तर हॅरिसचा बाँडही जप्तीला लागू शकतो. अशा वेळी बाँड न भरता आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलणं शहाणपणाचं. ‘कसंही करून आज बाहेर काढा’ हा नातेवाइकांचा घोषा इथे सगळ्यात महाग पडतो. आणि त्याला निरोप पोचवा की इमिग्रेशनच्या कुठल्याही कागदावर वकिलाशिवाय सही करायची नाही. भारतीय वकिलातीला आपोआप कळवलं जात नाही, कळवा असं त्याने स्वतः मागावं लागतं. ह्यूस्टनमध्येच वाणिज्य दूतावास आहे.

आता वहिनींचं. त्या केस मागे घ्यायला तयार आहेत असं तुम्ही लिहिलंयत. टेक्सासमध्ये केस त्यांची नाही, राज्याची आहे. चालवायची की नाही ते डिस्ट्रिक्ट अॅटर्नी (तिथला सरकारी वकील) ठरवतो. वहिनी खटला चालवू नका असं प्रतिज्ञापत्र देऊ शकतात, पण ते डिस्ट्रिक्ट अॅटर्नीवर बंधनकारक नसतं. आणि ते कुणाच्या सांगण्यावरून नको, त्यांच्या स्वतःच्या वकिलामार्फत हवं.

मॅजिस्ट्रेटने बहुधा आणीबाणीचा संरक्षण आदेश काढलाय किंवा काढेल. तो किमान ३१ आणि जास्तीत जास्त ६१ दिवसांचा असतो, हल्ल्यात घातक शस्त्र वापरलं किंवा दाखवलं असेल तर ६१ ते ९१. भाऊ सुटला तरी स्वतःच्या घरी जाऊ शकणार नाही, भाड्याचा करार त्याच्या नावावर असला तरी. आदेशावरच लिहिलेलं असतं की संरक्षित व्यक्तीसह कुणीही तो मोडायची परवानगी देऊ शकत नाही. म्हणजे वहिनी स्वतः ‘ये घरी’ म्हणाल्या आणि तो गेला, तरी गुन्हा त्याचाच. संपर्काची मनाई असेल तर ‘सॉरी’ एवढा व्हॉट्सअॅपसुद्धा नको. हा आदेश मोडणं टेक्सासमध्ये वेगळा गुन्हा आहे आणि इमिग्रेशनच्या कायद्यात हद्दपारीचं वेगळं कारण. आईंनी पुण्याहून सुनेला फोन करून ‘तेवढी केस मागे घे गं’ म्हणणं ताबडतोब थांबवा. आपल्याकडे तो वडीलधाऱ्यांचा समेट वाटतो, तिथे तो साक्षीदारावर दबाव ठरू शकतो. जेलमधले फोन रेकॉर्ड होतात, हे भावालाही सांगा. त्या रात्री काय झालं यातलं एक अक्षर फोनवर नको.

इमिग्रेशनच्याच कारणाने पहिल्या तारखेला ‘डिफर्ड (गुन्हा कबूल करून निकाल पुढे ढकलणं) घे, रेकॉर्डवर काही राहत नाही’ म्हणणाऱ्या वकिलापासून सांभाळा. टेक्सासपुरतं त्यात तथ्य असेल. इमिग्रेशनच्या व्याख्येत गुन्हा कबूल करून घेतलेली डिफर्ड अॅडज्युडिकेशन शिक्षाच धरली जाते. फौजदारी आणि इमिग्रेशन, दोन्ही वकिलांचं बोलणं झाल्याशिवाय काहीही कबूल करायचं नाही.

सुटकेच्या वेळेबद्दल: बाँड लागल्यापासून सहा ते बारा तास धरा, वीकएंडला त्याहून जास्त. घरगुती हिंसाचारात बाँड भरल्यावरही चार तास थांबवून ठेवायची मुभा जेलला आहे आणि मॅजिस्ट्रेट ती आणखी वाढवू शकतो. वॉरंट तपासणी, ओळख पटवणं, अटींचे कागद, सामान परत, असं एकेक होतं आणि पाळी बदलताना सगळंच रेंगाळतं. दर अर्ध्या तासाने फोन करून वेग वाढत नाही. बऱ्याचदा पहाटे तीन-चारला सोडतात, फोन बंद, पाकिटात जे असेल ते. न्यायला जाणाऱ्याने चार्जर, जाकीट आणि मित्राच्या घराचा पत्ता घेऊन जावं. रोजची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर वाट न बघता आत्ताच जेलच्या दवाखान्याला नाव, डोस आणि डॉक्टरचा नंबर कळवा, बाहेरून दिलेलं औषध घेत नाहीत.

बाहेर आल्यावर त्याच दिवशी अटींचा कागद फोटो काढून वकिलाला पाठवावा. राज्याबाहेर जायला बंदी आहे का, पासपोर्ट जमा करायचाय का, पायात घालायचा मॉनिटर आहे का, ते त्यात असतं. दिवाळीचं तिकीट काढलं असेल तर वकील आणि कोर्ट दोघांची परवानगी होईपर्यंत विसरा. शिवाय अटकेनंतर परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अटकांत हे सर्रास होतं, आता इतर अटकांतही दिसतं. तिथे राहण्याच्या स्थितीवर त्याचा लगेच परिणाम नाही, पण एकदा भारतात आला की परतीला नवा व्हिसा लागेल.

आणि शेरीफ ऑफिसमधून बोलतोय, गिफ्ट कार्डने किंवा बिटकॉइनने भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. अटकेच्या याद्या सार्वजनिक असतात, त्या वाचून घरच्यांना गाठणारे भामटे आहेत. तुमच्या पोस्टवरच्या स्क्रीनशॉटमध्ये भावाची जन्मतारीख दिसतेय, तो आधी काढा.