बॉटला कुणाची किल्ली द्यायची?

रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन, म्हणजे आरपीए, हे तसं साधं प्रकरण आहे. माणूस स्क्रीनवर बसून जे करतो, म्हणजे लॉगिन करणं, इकडचे आकडे तिकडे उतरवणं, बटण दाबणं, तेच काम सॉफ्टवेअर करतं. त्या सॉफ्टवेअरला बॉट म्हणतात. बिलांच्या नोंदी करायला तो बऱ्याच ठिकाणी आला आहे. त्याला माहितीच्या सुरक्षेच्या कामाला जुंपता येईल का, असं विचारणारी पत्रं या वेळी आली आहेत.

प्रश्न : भोसरीतल्या आमच्या कारखान्यात माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याचे मेल, व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय), ईआरपी (माल, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) यांचे आयडी महिनोन्महिने चालू राहतात. आयटी म्हणतं एचआरने कळवलं नाही, एचआर म्हणतं मेल टाकला होता. बॉट हे सांभाळेल का?

सांभाळेल, आणि बॉटला याहून योग्य काम मला सुचत नाही. रोज संध्याकाळी त्याने एचआरच्या सॉफ्टवेअरमधून शेवटच्या दिवसाची तारीख वाचायची, एकेका ठिकाणी जाऊन आयडी बंद करायचा आणि काय केलं त्याची यादी विभागप्रमुखाला पाठवायची. तुमचं ईआरपी जुनं असेल, बाहेरच्या प्रणालीशी बोलण्याची सोय त्यात नसेल, तरी अडत नाही. बॉट माणसासारखा स्क्रीनवरूनच जातो. आयडी बंद करा, पुसू मात्र नका. पुढे चौकशी निघाली तर जुन्या नोंदी कुणाच्या, हे कळायला हवं.

आता खाचखळगे. एका कंपनीत बॉटने तारीख उलटी वाचली. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून. त्याने ६ मे धरली. मे अखेरीस नोटीस पिरियडमध्ये असलेले लोक सकाळी आले, तर कुणाचंच लॉगिन होईना. म्हणून मर्यादा घाला : एका दिवसात पाचापेक्षा जास्त आयडी बंद करायची वेळ आली, तर बॉटने थांबून माणसाला विचारायचं.

दुसरं, तुमच्याकडची कंत्राटी माणसं एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये नसतात. ती ठेकेदाराच्या एक्सेलमध्ये असतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा उलट्या बाजूनेही ताळा घ्या. चालू असलेले सगळे आयडी एकीकडे, पगारपत्रक आणि ठेकेदारांच्या याद्या दुसरीकडे. ज्या आयडीला धनी सापडत नाही, तो विचारायचा. ‘स्टोअर१’ नावाचा आयडी तीन पाळ्यांत मिळून नऊ जण वापरतात, हेही त्यातूनच बाहेर येतं.

प्रश्न : मी एका नागरी सहकारी बँकेत आहे. सॉफ्टवेअर पुरवणारा म्हणतो, ‘बॉटला तूर्तास मॅनेजरसाहेबांचाच आयडी द्या, नवा काढायला वेळ लागतो.’ चालेल का?

अजिबात नाही. उद्या चुकीची नोंद झाली, तर ती साहेबांनी केली की बॉटने, हे देवालाही सांगता येणार नाही. बॉट हा नवा कर्मचारी समजा. त्याचा स्वतंत्र आयडी, कामापुरतेच अधिकार, ठरलेलं एकच मशीन आणि ठरलेली वेळ. त्या वेळेबाहेर किंवा दुसऱ्या मशीनवरून तो आयडी वापरला गेला, तर लगेच इशारा यायला हवा. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये किंवा एक्सेलमध्ये लिहिलेला नको. यूआयपाथ, ब्लू प्रिझमसारख्या बॉट बनवायच्या सगळ्या मोठ्या साधनांत तो कुलूपबंद ठेवायची सोय असते.

आणि मेकर-चेकर, म्हणजे नोंद एकाने करायची आणि मंजूर दुसऱ्याने, हा नियम. नोंद बॉटने केली तर मंजुरी माणसाची. एक बॉट नोंद करतो आणि दुसरा मंजूर करतो, अशी मांडणी मी पाहिली आहे. कागदावर ते दोघे. दोघांच्या किल्ल्या एकाच ॲडमिनच्या खिशात.

प्रश्न : पंजाब नॅशनल बँकेसारखा घोटाळा बॉटने पकडला असता का?

२०१८ मध्ये मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतला तो प्रकार उघड झाला. शाखेतल्याच माणसांनी दिलेल्या खोट्या हमीचे संदेश स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून, परदेशी गेले. कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबाच्या यंत्रणेत, त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन यंत्रणा जोडलेल्या नव्हत्या. रोज रात्री दोन याद्या समोरासमोर ठेवून जुळवणारा बॉट असता, तर पहिल्याच आठवड्यात फरक दिसला असता. फक्त तो अहवाल जायला हवा होता मुख्यालयात. त्याच शाखेत गेला असता तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला मात्र वेगळा. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेलाच चोरांनी बगल दिली आणि काही तासांत अनेक देशांतून पैसे काढले; एकूण नुकसान ९४ कोटींच्या घरात गेलं. तिथे रात्रीचा ताळा सकाळी फक्त नुकसानीचा आकडा सांगतो. अशा वेळी व्यवहार चालू असतानाच लक्ष ठेवणारी यंत्रणा लागते, आणि ते काम आरपीएचं नव्हे.

प्रश्न : आमचं बारा माणसांचं ऑफिस आहे. घ्यावं का?

नको. भिंतीवर आयडींची यादी लावा आणि महिन्याच्या १ तारखेला ती वाचा.

प्रश्न : लॉग, म्हणजे कोणत्या यंत्रणेत कुणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, गोळा करायला बॉट लावलाय. ऑडिटला पुरावा म्हणून तो प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉटही ठेवतो. ठीक आहे ना?

लॉगचं उत्तम केलंत. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. त्या ६ तासांत चार सर्व्हरवरचे लॉग हाताने शोधत बसणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

स्क्रीनशॉटचं मात्र जपून. त्यात ग्राहकाचं नाव, पॅन, खात्यातली शिल्लक सगळं दिसतं आणि ते फोल्डर बहुधा अख्ख्या विभागाला उघडं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. बॉट अडखळला तरच स्क्रीनशॉट घ्यायला सांगा, ओळख पटवणारे रकाने झाकून, आणि जुने आपोआप पुसले जातील अशी मुदत घाला. आधीचे साठलेले असतील, तर ते फोल्डर आजच कुणाकुणाला उघडतंय ते बघा.